हरणाच्या शिंगांवरचे डाग आणि उडालेला रंग: पुन्हा पुन्हा का बिघडतं, आणि कसं सुधारायचं

तक्रारी साधारण तीनच असतात. भिंतीवरच्या शिंगांचा तपकिरी रंग उन्हाने उडाला. कवटी पांढरी करताना शिंगांच्या बुडाशी पांढरा पट्टा उमटला. किंवा आधीच्या मालकाने फासलेलं पॉलिश पिवळंजर्द झालं. मग घरात पडलेला लाकडाचा स्टेन वरून लावला जातो. आठवडाभर बरं दिसतं. नंतर एका जागी चिकट, दुसऱ्या जागी नारिंगी, तिसरीकडे आतलं पांढरं डोकावतं. आणखी एक हात मारला की आणखी बिघडतं.

यात रंगाचा दोष क्वचितच असतो. शिंगावर आधीपासून काय बसलंय हे न बघता रंग चढवला, हे खरं कारण. म्हणून खालच्या मजकुरात रंगापेक्षा आधीच्या तपासणीवर आणि सफाईवर जास्त भर आहे.

आधी कायदा

हे सगळं अमेरिका आणि कॅनडात मिळणाऱ्या व्हाइटटेल, म्यूल डिअर आणि एल्क या हरणांच्या शिंगांबद्दल आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे ती गराज सेलमधून, विकत घेतलेल्या जुन्या घरासोबत किंवा परसात गळून पडलेली अशी येतात. गळलेली शिंगं कधी आणि कुठून उचलायची याचे नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं संकेतस्थळ बघून घ्या. राष्ट्रीय उद्यानातून पडलेलं शिंगही उचलायचं नसतं.

भारतात मामला अगदी वेगळा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या 'ट्रॉफी'च्या व्याख्येत शिंग स्पष्टपणे येतं. रानात सापडलेलं सांबराचं किंवा चितळाचं शिंग घरी आणून घासत बसणं हा छंद नाही, गुन्हा आहे. वाड्याच्या दिवाणखान्यात पणजोबांच्या काळापासून टांगलेलं सांबराचं डोकं असेल तर त्याचं मालकी प्रमाणपत्र आहे का ते आधी शोधा, आणि वन विभागाशी बोलल्याशिवाय ते दुरुस्तीसाठी कुणाच्या हाती देऊ नका. अमेरिकेतली शिंगं बॅगेत घालून भारतात न्यायचा बेतही नको.

शिंगाला रंग येतो कुठून

गाय-म्हशीचं शिंग केराटिनचं, म्हणजे नखांच्याच पदार्थाचं असतं आणि वर्षानुवर्षं डोक्यावर राहतं. हरणाचं शिंग म्हणजे हाड. दरवर्षी नव्याने वाढतं आणि गळून पडतं. वाढत असताना त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. व्हाइटटेल नर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात ही कातडी झाडाझुडपांवर घासून काढतो. त्या क्षणी आतलं हाड जवळपास पांढरंच असतं. त्यावर सुकलेलं रक्त, सालीतला रस आणि टॅनिन (सालीतला तुरट पदार्थ) बसत जातं, हवा लागून काळवंडतं, आणि आपण ज्याला शिंगाचा 'नैसर्गिक रंग' म्हणतो तो तयार होतो.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, रंग फक्त वरच्या पातळ थरात असतो. जोरात घासलं की पांढरं हाड उघडं पडतं. दुसरी, तो सगळीकडे सारखा नसतो. बुडाजवळची खडबडीत कडी, तिच्यावरचे मणी आणि लांब खाचा यांत रंग गडद. मधल्या दांड्यावर मध्यम. आणि फाट्यांची टोकं घासून घासून हस्तिदंती, जवळजवळ पांढरी. बुडापासून टोकापर्यंत एकच चॉकलेटी रंग असलेलं शिंग दुरूनही खोटं वाटतं.

गळलेल्या शिंगांच्या खरेदी-विक्रीत ढोबळ प्रतवारी असते. त्याच वर्षी गळलेलं ते 'ब्राउन', उन्हापावसात पांढरं पडलेलं पण टणक ते 'हार्ड व्हाइट', आणि तडकलेलं, हाताला पांढरी पूड लागणारं ते 'चॉक'. आपलं शिंग यांतलं कोणतं, हे आधी ठरवा. चॉक शिंगावर ब्राउन शिंगाची कृती केली तर डागच पडणार, कारण ते पाणी टिपकागदाच्या वेगाने ओढतं.

वर काय बसलंय ते ओळखा

त्याच्याही आधी, शिंग खरंच शिंग आहे ना? सजावटीच्या दुकानातली बरीच शिंगं रेझिनची असतात. बारीक सरळ शिवण दिसते का बघा, ती साच्याची खूण. खऱ्या शिंगाच्या कापलेल्या बुडाशी बारीक भोकाभोकांचं हाड दिसतं. रेझिन असेल तर पुढचं काहीही करू नका. त्यावर ॲक्रिलिक रंगच चालतो.

खरं असेल तर मागच्या बाजूला, कडीजवळ, चार कापसाच्या काड्यांनी चार जागी तपासा. प्रत्येक काडी अर्धा मिनिट हलकेच फिरवा.

साबणाच्या कोमट पाण्याने काडी तपकिरी-पिवळी झाली, तर तो धूर, सिगारेट किंवा स्वयंपाकघरातला तेलकट थर. स्पिरिटने (डिनेचर्ड अल्कोहोल) पृष्ठभाग चिकट झाला, तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण ॲसिटोनने मऊ पडलं, तर लॅकर. मिनरल स्पिरिटने (तैलरंग पातळ करायचं द्रावण) काडीवर लालसर किंवा नारिंगी रंग आला, तर तेलातला लाकडाचा स्टेन किंवा मेण. चारही काड्या स्वच्छ राहिल्या आणि शिंग मात्र चकचकीत आहे, तर बहुधा पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखं कडक व्हार्निश. ते काढणं सगळ्यात कटकटीचं. चारही स्वच्छ आणि शिंगही निस्तेज, तर वर काहीच नाही. रंग उडालाय एवढंच, आणि तुमचं अर्धं काम वाचलं.

पाचवी तपासणी कवटीला जोडलेल्या शिंगांसाठी. कडीखाली, जिथे शिंग कवटीला मिळतं तिथे, पिवळट अर्धपारदर्शक डाग आहे का? तो चरबीचा. पुन्हा पुन्हा वर येणारा डाग बहुतेकदा हाच असतो, आणि त्यावर रंगाचे कितीही हात मारले तरी तो टिकत नाही.

सफाई, थराप्रमाणे

तेलकट थर: एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब. मऊ टूथब्रश, लहान भाग, लगेच ओल्या फडक्याने पुसणं, मग कोरडं फडकं. शिंग पाण्यात बुडवून ठेवू नका. उकळत्या पाण्याचं तर नावच नको. हाडातलं कोलॅजेन (हाडाला चिवटपणा देणारं प्रथिन) उष्णतेने जिलेटिनमध्ये बदलतं आणि पृष्ठभाग ठिसूळ होतो.

लाख: स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दोन मिनिटं ठेवा आणि एकाच दिशेने पुसा. पुढे-मागे घासलं तर विरघळलेली लाख खाचांमध्ये जाऊन बसते. कापूस सतत बदला. लॅकरसाठी हेच, ॲसिटोनने. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास ज्योत नको, हातात नायट्राइलचे मोजे हवेत.

पॉलियुरेथेन: जेलच्या स्वरूपातला पेंट रिमूव्हर वापरा, डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, आणि प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. खाचांत अडकलेलं बांबूच्या काडीने निघतं. काही कण राहतातच. ते गडद खाचांत असतील तर राहू द्या. त्यांच्यापायी धातूची सुरी चालवली तर हाडावर ओरखडे उठतात आणि रंग लावल्यावर ते ओरखडे आधी दिसतात.

लाकडाचा स्टेन: मिनरल स्पिरिट आणि जुनं सुती फडकं. शिंगाचा बाहेरचा थर घट्ट असल्यामुळे स्टेन आत फारसा मुरत नाही, वरच बसून राहतो. म्हणूनच तो चिकट राहतो, आणि म्हणूनच तो निघतोही. चॉक शिंगात मात्र तो खोलवर गेलेला असतो आणि पूर्ण निघत नाही. तिथे जितका निघेल तितका काढून उरलेल्यावर गडद छटा द्यायची, हाच मार्ग.

हिरवं शेवाळ: जमिनीवर पडून राहिलेल्या शिंगांवर असतं. साबणाचं पाणी आणि टूथब्रश पुरेसं होतं. हट्टी ठिपक्याला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड काडीने लावा, पाच मिनिटांनी पुसा.

गंज: खिळ्या-स्क्रूभोवतीचा गंजाचा डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल सुचवलं जातं. ते गंजाबरोबर हाडातल्या कॅल्शियमशीही संयोग पावतं आणि पांढरा, न विरघळणारा थर मागे सोडतं. गंज तपकिरी आहे आणि आपल्यालाही तपकिरीच हवंय. तेव्हा स्क्रू बदला, जागा कोरडी करा आणि डाग राहू द्या.

इथेच आपल्याकडच्या एका सवयीला आवर घालायला हवा. पितळेच्या समईला चिंच किंवा लिंबू लावून चकाकी आणतो, तसं शिंगाला करायचं नाही. आम्लाने हाडातलं खनिज विरघळतं, पृष्ठभाग मऊ आणि खरखरीत होतो, आणि मग तिथे रंग डबल बसतो. व्हिनेगर, कोकम, भांड्यांची आम्लयुक्त पावडर, सगळ्यांना हेच लागू. टूथपेस्टही नको, ती खाचांमध्ये पांढरी सुकून बसते आणि नंतर सुईने काढावी लागते. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच तर सगळ्यात वाईट. ते कोलॅजेनच खातं, आणि धुतल्यानंतरही खाचांत उरलेलं आपलं काम करत राहतं. असं शिंग काही महिन्यांनी पूड सोडू लागतं.

सफाई झाली की शिंग सावलीत, हवेशीर जागी किमान ४८ तास वाळू द्या. ओव्हन, हीटर, ऊन यांनी तडे जातात.

चरबीचा पिवळा डाग

यावर वेगळं लिहायला हवं, कारण दुरुस्ती परत परत करावी लागण्यामागे हाच असतो. कवटीच्या हाडात चरबी असते. खोली तापली की ती हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते. पांढरी केलेली कवटी पुन्हा पिवळी पडते आणि कडीजवळचा रंग तेलकट होऊन सुटतो. त्यावर पुन्हा पेरॉक्साइड लावलं तर डाग काही दिवस फिका होतो, चरबी तिथेच राहते.

उपाय धीराचा आहे. फक्त कवटी बुडेल इतकं कोमट पाणी, सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअस, त्यात दर लिटरला एक मोठा चमचा भांड्यांचा साबण. शिंगं पाण्याबाहेर राहतील अशी दोरीने किंवा लाकडी पट्टीवर टेकवून ठेवा. मत्स्यालयाचा छोटा हीटर तापमान टिकवायला कामी येतो, पण बरेच हीटर ३२-३४ अंशांपर्यंतच जातात; चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. पाणी गढूळ झालं की बदला. पाणी स्वच्छ राहू लागेपर्यंत हे चालू ठेवायचं, आणि जुन्या कवटीला कित्येक आठवडे लागू शकतात. घाई करून पाणी उकळलं तर चरबी हाडात आणखी खोल जाते.

ताजी कवटी असेल तर आणखी एक गोष्ट. हरणांमधल्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या संसर्गजन्य रोगामुळे अनेक राज्यांत मेंदूचे किंवा मांसाचे अवशेष असलेली कवटी राज्याबाहेर नेता येत नाही. पूर्ण स्वच्छ केलेल्या शिंगांना सहसा मुभा असते.

पेरॉक्साइडचा पांढरा पट्टा

कवटी पांढरी करायला केशभूषेचं ४० व्हॉल्यूमचं क्रीम वापरतात. त्यात १२ टक्के पेरॉक्साइड असतं. ते कडीच्या मण्यांमधून केशाकर्षणाने वर चढतं आणि शिंगाच्या बुडाशी दोन बोटं रुंदीचा पांढरा पट्टा उमटतो. शिंगांना प्लास्टिकची फिल्म सैल गुंडाळली तर उलट जास्त नुकसान होतं, कारण आत शिरलेलं क्रीम सुकत नाही. फिल्म कडीच्या लगेच वर घट्ट आवळून तिच्या कडेवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा, आणि क्रीम कडीपासून एक बोट लांब थांबवा. राहिलेला तेवढा भाग नंतर बारीक ब्रशने करता येतो. व्हॅसलिन लावून अडवायचा मोह टाळा. तिथे पुढे रंग चढणार नाही.

पट्टा पडलाच असेल तर तो भाग साध्या पाण्याने तीन-चार वेळा पुसा आणि आठवडाभर वाळू द्या. रंग लावताना तिथे बारीक बुडबुडे आले, फसफसलं, तर पेरॉक्साइड अजून आत आहे. थांबा, पुसा, आणखी वाळू द्या. त्या अवस्थेत लावलेला रंग ठिपक्याठिपक्यांचा बसतो.

रंग: पोटॅशियम परमँगनेट

विहिरीत टाकायचं जांभळं औषध ते हेच. अमेरिकेत ते पाण्यातलं लोह काढणाऱ्या फिल्टरसाठी विकलं जातं. शिंगातल्या सेंद्रिय भागाशी त्याची क्रिया होते आणि तपकिरी मँगनीज डायऑक्साइड तिथल्या तिथे तयार होतो. हा खनिज रंग असल्याने उजेडाने उडत नाही. चहा, अक्रोडाच्या सालीचा काढा, हळद, खाण्याचे रंग यांनी पहिल्या दिवशी शिंग सुंदर दिसतं, पण खिडकीजवळ ते टिकत नाहीत. हळदीचं नाव घ्यायचं कारण एवढंच, की आपल्या घरात ती कुणीतरी सुचवतंच.

लागणारं सामान: परमँगनेट, डिस्टिल्ड पाणी, काचेच्या दोन बरण्या, खिशातला छोटा वजनकाटा, कृत्रिम केसांचा स्वस्त ब्रश, नायट्राइलचे मोजे, चष्मा, जुने कपडे. खऱ्या केसांचा ब्रश परमँगनेट खाऊन टाकतं. हाताला लागलं तर तपकिरी डाग कित्येक दिवस जात नाहीत, आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर सांडलं तर घरात काय ऐकावं लागेल ते वेगळं सांगायला नको. खाली जाड प्लास्टिक आणि वर्तमानपत्र अंथरा.

द्रावण दोन प्रकारचं करा. पातळ: १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम. घट्ट: १०० मिलिलिटरमध्ये दीड ग्रॅम. व्हाइटटेलच्या एका जोडीला एवढं पुरून उरतं. स्फटिक पूर्ण विरघळू द्या; न विरघळलेला एक कण शिंगावर चिकटला तर काळा ठिपका पडतो. द्रावण त्याच दिवशी वापरा. ठेवलं की तळाशी तपकिरी गाळ बसतो आणि रंग दुबळा होतो.

१. शिंग ओल्या फडक्याने हलकं ओलसर करा. हार्ड व्हाइट आणि चॉक शिंगाला हे आवश्यक, ब्राउनला ऐच्छिक.

२. पातळ द्रावणाचा पहिला हात बुडापासून टोकाकडे, पण टोकाआधी तीन-चार सेंटिमीटर थांबा. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. ओघळ आला तर लगेच टिपा. ओघळाची रेघ नंतर जात नाही.

३. आधी जांभळा, मग मळकट गुलाबी, मग तपकिरी रंग दिसेल. पंधरा-वीस मिनिटं थांबा. ओला असताना रंग खऱ्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून त्यावरून निर्णय घेऊ नका.

४. आणखी एक-दोन पातळ हात. प्रत्येक हात मागच्या हातापेक्षा थोडा खाली, बुडाकडे थांबवा. यामुळे आपोआप उतरती छटा येते.

५. घट्ट द्रावण फक्त कडी, मणी आणि खोल खाचांत, बारीक ब्रशने.

६. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसा. फडक्याला जांभळं काही लागेनासं होईपर्यंत पुसायचं. उरलेलं परमँगनेट वरच्या मेणाशी भांडतं आणि तिथे काळपट होतं.

७. आता रंग काढायचा. करड्या रंगाच्या बारीक नायलॉन पॅडने टोकं, फाट्यांच्या बाहेरच्या कडा आणि मण्यांचे माथे हलके घासा. शिंग नैसर्गिक दिसतं ते याच पायरीमुळे, लावलेल्या रंगापेक्षा काढलेल्या रंगामुळे. स्टील वूल वापरत असाल तर ०००० नंबरचंच, आणि नंतर चुंबक फिरवून तारेचे कण काढा. ते राहिले तर दमट हवेत गंजतात आणि टॅनिन असलेल्या जागी काळे ठिपके उठतात. हाडाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून एन-९५ मास्क लावा.

परमँगनेट ग्लिसरीनजवळ ठेवू नका, दोन्ही एकत्र आले की पेट घेतात. तीव्र पेरॉक्साइड, ॲसिटोन, स्पिरिट यांच्यापासूनही लांब ठेवा. संडास साफ करायच्या हायड्रोक्लोरिक आम्लात पडलं तर क्लोरीन वायू निघतो. म्हणजे सफाईच्या बाटल्या आवरून, त्यांचे कापूस घराबाहेर टाकून, मगच या बाटलीचं झाकण उघडायचं.

इतकं करूनही बिघडलं तर

*फारच गडद झालं.* वाईन घरी बनवणाऱ्यांच्या दुकानात सोडियम मेटाबायसल्फाइट मिळतं. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम. शिंग आधी साध्या पाण्याने पुसून घ्या, मग हे द्रावण काडीने लावा. तपकिरी रंग डोळ्यांदेखत निघतो, कारण मँगनीज डायऑक्साइडचं रूपांतर पाण्यात विरघळणाऱ्या मँगनीजच्या क्षारात होतं. हवा तेवढा फिका होताच स्वच्छ पाण्याने तीन वेळा पुसा. तिखट वास येतो तो सल्फर डायऑक्साइडचा. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम करू नये. पुन्हा रंग लावायचा तर दोन दिवस जाऊ द्या. मेटाबायसल्फाइट राहून गेलं असेल तर नवा हात लागताक्षणी फिका पडतो, आणि परमँगनेटच खराब आहे असा समज होतो.

*जांभळट छटा जातच नाही.* हात जाड बसलाय, किंवा शिंग चॉक आहे आणि वरचं कोलॅजेन उन्हाने गेलेलं आहे. परमँगनेटला क्रिया करायला काही उरलेलं नाही. ओल्या फडक्याने पुसून वाळवा. मग दूध-साखर नसलेला कोरा चहा, गाळलेला आणि गार, एक हात लावा आणि तो वाळल्यावर पातळ परमँगनेट. चहातल्या टॅनिनशी क्रिया होऊन रंग लवकर फिरतो. चहा इथे फक्त अस्तर आहे.

*एखादा ठिपका रंग घेतच नाही.* तिथे मेण, लाख किंवा बोटाचं तेल आहे. फक्त तेवढ्या जागी स्पिरिट, मग साबणाचं पाणी, वाळवणं, पातळ हात. पूर्ण शिंग पुन्हा रंगवू नका, नाहीतर आधीच रंगलेला भाग आणखी काळवंडेल.

*रंग लालसर, विटकरी दिसतो.* परमँगनेटचा एकट्याचा रंग बऱ्याचदा असाच उष्ण असतो. ॲक्रिलिकमधला रॉ अंबर पाण्यात खूप पातळ करा, एका भागाला दहा-बारा भाग पाणी, खाचांत सोडा आणि उंचवट्यांवरून लगेच पुसा. रॉ अंबर थंड, हिरवट झाकेचा असल्याने लाली दबते. बर्न्ट अंबर घेतला तर लाली वाढेल. खाचांना खोली देण्यासाठी ही पायरी तशीही उपयोगी आहे.

*ठिपक्याठिपक्यांनी, ढगाळ बसला.* चॉक शिंगाची नेहमीची तक्रार. काही भाग भुसभुशीत, काही टणक, त्यामुळे शोषण असमान. पूड हाताला लागत असेल तर आधी रंग लावा, अर्ध्या ताकदीच्या द्रावणाने, चार-पाच हातांत. आणि रंग पूर्ण वाळल्यावर पॅरालॉइड बी-७२ हे रेझिन ॲसिटोनमध्ये ५ टक्के करून ब्रशने पाजा. संग्रहालयांत हाडं मजबूत करायला हेच रेझिन वापरतात. क्रम उलटा केला, आधी रेझिन दिलं, तर पाण्यातला रंग चढत नाही.

*काही महिन्यांनी बुडाशी पुन्हा पिवळं.* चरबी. वरचा भाग पुन्हा वाचा. रंगाने हे सुटत नाही.

शेवटचा हात

रंग पटल्यावर चोवीस तास थांबा. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेण, किंवा ते नसेल तर रंगहीन पेस्ट वॅक्स, मऊ फडक्याने अगदी पातळ लावा. खाचांत साचलेलं मेण पांढरं दिसतं, तेव्हा जुन्या टूथब्रशने काढा. दहा-पंधरा मिनिटांनी पुसून घ्या. चमक मंद हवी. पॉलियुरेथेन किंवा चकचकीत स्प्रे मारला की शिंग प्लास्टिकचं दिसू लागतं, आणि पुढच्या दुरुस्तीला तोच पहिला अडथळा होतो. जवसाचं तेलही नको. ते पिवळं पडतं, धूळ धरतं, आणि तेलाची फडकी बोळा करून टाकली तर आपोआप तापून पेटू शकतात.

कातडीसकट मढवलेलं जुनं डोकं असेल तर केसांच्या जवळ घासू नका, कोरडा ब्रशही मारू नका. जुन्या काळी अशा कातड्यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक लावत, आणि ते आजही तिथे असतं. शिंगांपुरतं काम करायचं, कातडीवर प्लास्टिक बांधून. मखमली कातडी अजून अंगावर असलेल्या शिंगांना तर यातलं काहीच लागू नाही. पाणी लागलं की ती सुटते.

रंगवलेलं शिंग कुत्र्याला चावायला देऊ नये. सांबरशिंग उगाळून लेप लावायची सवय असलेलं कुणी वडीलधारं घरात असेल, तर त्यांच्याही हाती हे लागू देऊ नका.

उरलेलं परमँगनेटचं द्रावण तसंच मोरीत ओतू नका. त्यात मेटाबायसल्फाइटचं पाणी थोडं थोडं घाला. जांभळा रंग जाऊन पाणी निवळ झालं की भरपूर पाण्यासोबत सोडा. हे काम खिडकीशी करा, आणि सेप्टिक टँक असेल तर आपल्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या. वापरलेले ब्रश आणि कागद पाण्यात भिजवून, मगच कचऱ्यात.